दुसरं घड्याळ

"पोहायचं त्यांनी पाण्यात, आणि पुसायची मी जमीन. चार दिवसांत ही फरशी एकदा कोरडी राहील तर शपथ. पाय घ्या वर बाई. दोन्ही घ्या, एक घेऊन काय उपयोग."

बाईंनी दोन्ही पाय उचलून पुढच्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले. फरशी पुसणारीचं लांब दांड्याचं पुसणं त्यांच्या टाचांखालून फिरलं, क्लोरीन आणि फिनेल मिळून एकच वास नाकात गेला, आणि नेमका तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचा मोठा फलक काळा झाला. मग वरून खाली एकेक ओळ उमटत आली. आंतरराष्ट्रीय छोट्या तलावाच्या स्पर्धेचा चौथा दिवस, मुलींचं शंभर मीटर पाठीवरचं पोहणं, सकाळच्या पाचही हीट मिळून निकाल. पहिल्या आठ ओळी हिरव्या, त्या संध्याकाळी फायनल पोहणाऱ्यांच्या. नववी ओळ पांढरी. नवव्या ओळीत त्यांची मुलगी भिंगरी होती, अठ्ठावन्न सेकंद त्र्याण्णव शतांश, आणि पुढे एकच शब्द, राखीव. आठवी आली होती तिचे अठ्ठावन्न शहाऐंशी. सात शतांश. तेवढ्या वेळात माणसाची पापणीसुद्धा धड मिटत नाही.

"लागला का निकाल?" पुसणारी कमरेवर हात ठेवून फलकाकडे बघत होती. "तुमचं कोणी आहे त्यात?"

"मुलगी आहे."

"कितवी?"

"नववी."

"मग चांगलंय की. आमची वर्गात चाळिसावी येते, आणि वर्गात आहेत एकेचाळीस." ती बादली पायाने ढकलत पुढच्या रांगेकडे गेली. बाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि परक्या बाईने 'चांगलंय' म्हटल्यावर आपल्याला एवढं बरं वाटावं याचं लगेच वाईट वाटलं. कारण आता पायऱ्यांवरून त्यांचे यजमान, मास्तर, वर येत होते, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत, गळ्यातल्या काळ्या दोरीचं घड्याळ मुठीत धरून, आणि त्यांच्या तोंडून 'चांगलंय' हा शब्द येणार नव्हता.

"पॅड," ते म्हणाले. बसले नाहीत. "पॅडने घात केला. हे बघ, बावन्न. अठ्ठावन्न बावन्न. आणि हे लावतायत त्र्याण्णव. हिचा हात हलका आहे, मी कधीपासून सांगतोय, ते पॅड दाबल्याशिवाय घेत नाही. लागला हात, आणि हे बसलेत वाट बघत." पॅड म्हणजे तलावाच्या भिंतीला लावलेली पिवळी पाटी; पोहणारीचा हात तिला लागला की वरचा आकडा थांबतो. या तलावाला सोळा पाट्या होत्या, आणि मास्तरांच्या मते त्यांतली एकच, रोज नवीन, भिंगरी पोहत असे ती, बिघडलेली असायची. "तुझं किती आलं?"

बाईंचं घड्याळ स्वेटरच्या खिशात होतं. लाल दोरीचं. खिशातल्या खिशात त्यांचा अंगठा काचेवरून फिरला. अठ्ठावन्न पंच्याण्णव. त्यांनी ते मघाशीच पाहिलं होतं आणि फलकाशी दोनच शतांशांच्या फरकाने जुळलं म्हणून घाईघाईने खिशात सारलं होतं.

"मी दाबायला विसरले," त्या म्हणाल्या.

"विसरलीस?" मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्या गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्या होत्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. तूही घाबरलीस. मायलेकी सारख्याच." आणि ते खाली पाहत राहिले. खाली भिंतीपलीकडच्या सरावाच्या तलावात भिंगरी हात-पाय सैल करायला सावकाश पोहत होती, पाठीवर, छताकडे तोंड करून. इतक्या वरून तिचा चेहरा म्हणजे नुसता एक गोल ठिपका दिसत होता. ठिपक्याला काय वाटतं ते कळायला मार्ग नव्हता.

दोन्ही घड्याळं एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली होती. दुकानदाराने एकाला काळी दोरी आणि दुसऱ्याला लाल दोरी बांधून दिली होती आणि म्हणाला होता, नवराबायकोची अदलाबदल नको व्हायला. मास्तर तेव्हा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने काम करायचे आणि पाळी नसेल तेव्हा वसाहतीच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायचे. तलाव पंचवीस मीटरचा, सहा पट्ट्यांचा, एका टोकाच्या फरशा निखळलेला. पण पाणी असं राखलेलं की तळाशी पडलेली हेअरपिन वरून दिसावी. पगार पंपाचा, जीव तलावाचा. सगळी वसाहत त्यांना मास्तर म्हणायची, मग बाईही म्हणू लागल्या. मुलगी चार वर्षांची असताना त्यांनी तिला पाण्यात सोडली आणि भिंतीशी पोचल्यावर ती अशी काही गर्रकन उलटी फिरली की मास्तर काठावर बसून हसतच सुटले. "भिंगरी आहे ही," ते म्हणाले, आणि तेच नाव राहिलं. तिचं पोहणं बरं होतं, पण फिरणं अलौकिक होतं. लांब, पन्नास मीटरच्या तलावात तिला कोणीही गाठायचं. छोट्या तलावात मात्र दर पंचवीस मीटरला भिंत येते आणि भिंत आली की भिंगरी हातभर पुढे निघते. म्हणून छोट्या तलावाची स्पर्धा. म्हणून बावीस वर्षं.

पहिल्यांदा कधी झालं ते बाईंना तारखेसकट आठवत होतं. भिंगरी पंधरा वर्षांची. सकाळची वेळ, पाणी थंड, पोरीचे ओठ जांभळे. मास्तर एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, दोघांच्या हातात घड्याळं, कारण एका घड्याळाचा वेळ धरायचा नाही असा मास्तरांचाच नियम. पोर आली, हात भिंतीला लागला, दोन्ही घड्याळं थांबली. मास्तर म्हणाले, "एक मिनिट चार ऐंशी!" त्यांचा आवाज चिरकला, कारण पाचच्या आत ती कधीच आली नव्हती. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुझं?" भिंगरी दोरीला लोंबकळून, चष्मा कपाळावर सरकवून, मान वर करून बघत होती. नवरा बघत होता. बाईंच्या घड्याळात एक मिनिट पाच एकवीस होतं. म्हणजे पाचच्या बाहेर. दोन चेहरे, दोन्ही ओले. बाई म्हणाल्या, "चार ब्याऐंशी." त्यातले दोन शतांश त्यांनी खरं वाटावं म्हणून घातले होते. खोटं बोलणाऱ्याला इतका नेमकेपणा कुठून सुचतो देव जाणे. भिंगरीने किंचाळून पाण्यावर हात आपटला, मास्तरांनी वहीत चार एक्याऐंशी लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या वहीतलं काहीच खरं राहिलं नाही.

मास्तर लबाड नव्हते. तसे असते तर बाईंना कितीतरी सोपं गेलं असतं. त्यांना नवऱ्याचा अंगठा माहीत होता. सुरुवातीचा भोंगा वाजला की मास्तरांचे डोळे आधी पोरीकडे जायचे, अंगठा मागाहून खाली जायचा. आणि शेवटी ती भिंतीपासून हातभर लांब असतानाच त्यांचा अंगठा पोचलेला असायचा. सुरुवातीला जरा उशीर, शेवटी जरा घाई, मिळून चाळीसेक शतांश. प्रेमाचा तेवढा वेळ होता तो, आणि तो त्यांनी अकरा वर्षं रोज सकाळी पोरीच्या खात्यावर मांडला. बाईंची नजर वेगळी होती. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या, सव्वीस वर्षं, आणि समोरच्याला खरोखर किती दिसतं हे काढून घेणं हाच त्यांचा धंदा होता. लोक अक्षरं पाठ करून येतात. खुर्चीत बसता बसता शेवटची ओळ चोरून वाचतात आणि मग डोळा झाकल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात, शाळेतल्यासारखी, शाबासकी मिळेल म्हणून. एकदा एक बसचा चालक आला होता, साठीकडे झुकलेला. त्याने सगळा तक्ता अचूक म्हटला. बाईंनी काही न बोलता तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. त्याला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही उलटा केला नसता बाई, तरी चाललं असतं. रस्ता मला पाठ आहे." बाईंनी खरं तेच कागदावर लिहून दिलं. त्यांना झोप लागली त्या रात्री. परक्या माणसाला आंधळा म्हणायला त्यांना जमायचं. घरातलं मात्र अकरा वर्षं जमलं नव्हतं, आणि आता तर सांगायचं काय आणि कुठून, हेही हाताबाहेर गेलं होतं.

कारण एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट निराळी. वहीतले आकडे घेऊन मुलगी बाहेरच्या स्पर्धांना जायला लागली, जिथे भिंतीला पिवळ्या पाट्या होत्या आणि पाट्यांना मुलगी कोणाची हे माहीत नव्हतं. घरी साठ सत्तर, तिथे एकसष्ट दहा. घरी एकोणसाठ, तिथे एकोणसाठ चव्वेचाळीस. दर वेळी चाळीस शतांश कुठेतरी सांडायचे. पहिली दोन वर्षं पाट्यांना दोष दिला, मग झोपेला, मग प्रवासाला, मग पाण्याला. आणि एक दिवस जेवताना मास्तरांनी अगदी मायेने, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "तू घाबरतेस बाळा. बाकी काही नाही. तुझ्यात आहे, पण बाहेर पडत नाही." भिंगरीने घास हातात धरून ठेवला. "हो," ती म्हणाली. "असेल." आणि त्या दिवसापासून ती घाबरायला शिकली. तेही ती इतर सगळ्यासारखं मन लावून शिकली. मनाच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी तिला बोटं मोजत श्वास घ्यायला शिकवलं, डोळे मिटून बंद दार बघायला आणि ते उघडायला शिकवलं. स्पर्धेच्या आधी ती कोपऱ्यात बसून अंगठ्याने एकेक बोट मोजायची, आणि ते बघताना बाईंना वाटायचं, आपण पोरीला रोज थोडं थोडं औषध पाजतोय, आणि आजार नाहीच. पण त्या गप्प राहिल्या, कारण त्यांना एक गोष्ट फार उशिरा कळली होती. त्या घरात आशा म्हणून जी काही होती ती त्या भीतीतच होती. भीती जाईल आणि वेग येईल. भीती काढून घेतली तर हाताला काय लागणार होतं? घाबरट माणूस कधीतरी धीट होतं. हळू माणूस सव्विसाव्या वर्षी आणखी कुठे जाणार.

तीन महिन्यांपूर्वी पत्र आलं. मोठ्या इस्पितळातल्या तलावावर नोकरी. अपघातातून उठलेल्या, अर्धांगातून उठलेल्या माणसांना गळ्याएवढ्या कोमट पाण्यात चालायला शिकवायचं. भिंगरी तिथे सहा महिने हौसेने जाऊन आली होती आणि तिथून यायची तेव्हा तिच्या अंगाला वेगळाच शांतपणा असायचा. एक म्हातारे न्हावी तिला म्हणाले होते, "तू पाण्यात असलीस की मला माझे पाय ओळखीचे वाटतात." हे तिने घरी तीनदा सांगितलं होतं. इस्पितळाला उत्तर या आठवड्याच्या आत हवं होतं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, ती पत्राची घडी घालत म्हणाली, "मी जाईन. पण एकदा घरचा वेळ बाहेर पोहून दाखवते, मग जाते. अठ्ठावन्न एकतीस. एकदाच. एकदा फलकावर तो आकडा बघते, बाबांना बघू देते, मग सुखाने सोडते. घाबरट म्हणून नाही सोडणार." मास्तरांचे डोळे भरून आले. बाई कणीक मळत होत्या. अठ्ठावन्न एकतीस हा आकडा जगात कुठे नव्हता. तो फक्त काळ्या दोरीच्या टोकाला होता. तो आला त्या सकाळी मास्तरांच्या अंगठ्याने नेहमीपेक्षा जास्तच घाई केली होती; लाल दोरीवर अठ्ठावन्न सत्त्याण्णव होते, आणि तो पोरीचा तोवरचा सगळ्यात चांगला वेळ होता. मुलीने स्वतःला अशा दाराशी बांधून घेतलं होतं की जे भिंतीवर नुसतं रंगवलेलं होतं, आणि रंग अर्धा आईने लावला होता.

आणि आज सकाळी अठ्ठावन्न त्र्याण्णव. बाईंना फलकाकडे बघता बघता हे उमगलं होतं. आज ती जन्मात पोहली नव्हती एवढी चांगली पोहली होती. वसाहतीतल्या त्या निखळलेल्या फरशांच्या तलावात, ओळखीच्या पाण्यात, कोणी बघत नसताना जे कधी जमलं नव्हतं ते तिने इथे, चार हजार माणसांसमोर करून दाखवलं होतं. जगात हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने आत्ताच सांगितलं होतं की मी दाबायला विसरले. भिंगरी पाण्याबाहेर आली तेव्हा तिने वर बघून खांदे उडवले होते, माफी मागितल्यासारखे. कोणी तिला शाबास म्हटलं नाही.

दुपारी खोलीवर तिघंही झोपल्यासारखी पडून राहिली. मास्तर पडल्या पडल्या बोलत होते. आठांतली एक मुलगी खांदा धरून पाण्याबाहेर आली, त्यांनी स्वतः पाहिलं. मालिश करणाऱ्यानेही सांगितलं, खांदा सुजलाय. "ती नाही आली तर आपण. राखीव म्हणजे काय, आतच आहोत आपण जवळजवळ." बाईंना आठवलं, न्याहारीला ती खांदेवाली त्यांच्याच बाकावर बसली होती आणि तिची आई तिला सफरचंद कापून देत होती, सालं काढून, एवढ्या मोठ्या मुलीला. आता मास्तर त्या खांद्याची सूज अशा मायेने वाढवत होते की बाईंना कूस बदलावी लागली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा अंगठा बोटांवरून फिरत होता.

चार वाजता पोहण्याचा पोशाख चढवायचा कार्यक्रम सुरू झाला. तो पोशाख म्हणजे दुसरी कातडीच, आणि ती मूळ कातडीपेक्षा दोन मापांनी लहान. पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, वरून पोशाख सरकवायचा, मग पिशवी ओढून काढायची, आणि मांडीपासून वर चिमटीचिमटीने ओढत न्यायचं. नखाने नाही, नखाने फाटतो. वीस मिनिटं लागतात. बाईंच्या बोटांची पेरं लाल झाली. मुलीच्या पाठीवर पट्टा चढवताना त्यांना तिच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दिसले, बावीस वर्षांचे, दोरखंडासारखे, आणि त्यांना वाटलं आत्ताच सांगावं, इथे, पाठमोरी आहे तोवर.

"भिंगरे," त्या म्हणाल्या.

"काय गं?"

"घट्ट नाही ना झालं?"

"घट्टच असतं आई ते. सैल असतं तर तूही घातलं असतंस." दोघी हसल्या. मग हसू संपलं आणि भिंगरी आरशात न बघता म्हणाली, "नाही मिळाली संधी, तर बाबा पुढच्या स्पर्धेचं बोलतील. दोन वर्षं अजून. मी हो म्हणणार आहे. तू मध्ये पडू नकोस."

"आणि इस्पितळ?"

"त्यांना कळवते उद्या. नाही म्हणून."

बाईंनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

फायनलच्या मुलींना एका छोट्या खोलीत गोळा करतात. पांढऱ्या खुर्च्या, आठच. राखीव मुलीने दाराशी उभं राहायचं, पोशाख चढवून, टोपी घालून, पूर्ण तयार, आणि आठही जणी आल्या की परत जायचं. मास्तरांकडे शिक्षकाचा बिल्ला होता, बाईंकडे संघव्यवस्थापकाचा, कारण संघात माणसंच तीन होती. त्यामुळे दोघांना बोळाच्या तोंडापर्यंत जाता आलं. हातात फळी घेतलेली एक बाई नावांपुढे खुणा करत होती. एक आली, दोन आल्या, चार एकदम आल्या. सात झाल्या. एक खुर्ची रिकामी. मास्तरांनी बाईंचं मनगट धरलं. त्यांचा तळहात ओला होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोचं मनगट कधी धरलं नव्हतं. आणि बाईंच्याही मनात, नको नको म्हणता, आलं की सूज असू दे. थोडी. फार नको. भिंगरी दाराशी हात मोकळे सोडून उभी होती. ती खुर्चीकडे बघत नव्हती, बोळाच्या टोकाकडेही बघत नव्हती. तिची बोटं आता स्थिर होती. पाच मिनिटं गेली. फळीवाल्या बाईने घड्याळ पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. तेवढ्यात बोळाच्या टोकाला ती आली, खांद्यापासून दंडापर्यंत निळी पट्टी चिकटवलेली, मागे तिची आई टॉवेल घेऊन. "आले, आले," ती धापा टाकत म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. फळीवाल्या बाईने आठवी खूण केली.

"राखीव ना तू? झालं तुझं. जा हं." आवाजात काहीच वाईट नव्हतं. दुकानात गर्दी असली की बाईही असंच म्हणायच्या, झालं तुमचं, पुढचे या.

भिंगरी कोरड्या पोशाखात परत आली. तिघं बोळ ओलांडून सरावाच्या तलावाशी येऊन उभी राहिली. इथे कोणी नव्हतं. पाणी स्थिर, वर पाठीवर पोहणाऱ्यांसाठी बांधलेली पताकांची दोरी, दोन टोपल्यांत धरून पोहायच्या फळ्या. मधल्या भिंतीपलीकडे स्पर्धेचा तलाव होता. शिट्टी ऐकू आली, मग लोक एकदम गप्प झाले, इतके की पंपाची घरघर ऐकू यावी. मास्तरांचं डोकं सवयीने पंपाच्या आवाजाकडे किंचित कललं. मग भोंगा. आणि बाईंनी पाहिलं, त्यांचा अंगठा खाली गेला. भिंतीपलीकडची, न दिसणारी शर्यत ते मोजत होते. गलका चढत गेला, तीनदा उसळला, तीन वळणं, आणि मग छप्पर उडेल असा आवाज झाला, आणि अंगठा पुन्हा खाली गेला. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"सत्तावन्न," ते म्हणाले. "पहिलीचे. बाकीच्या अठ्ठावन्नच्या पुढेमागे. तू तुझे एकतीस काढले असतेस सकाळी, तर सहावी बसली असतीस, मी सांगतो. दोन वर्षं, बाळा. नुसती भीती काढायची आहे. पोहण्यात काही करायचंच नाही आपल्याला."

"चालेल," भिंगरी म्हणाली.

"एकतीस नव्हते," बाई म्हणाल्या.

त्या आपण मोठ्याने बोललो की काय म्हणून थांबल्या. मास्तर त्यांच्याकडे वळले. बाईंनी खिशातून लाल दोरी बाहेर काढली, पण घड्याळ कोणाला दाखवलं नाही, नुसतं हातात धरलं. "माझ्यात कधीच नव्हते ते. ना एकतीस, ना चाळीस. त्या दिवशी सत्त्याण्णव होते. मी तुमचंच म्हणत आले, अहो. तुम्ही काय म्हणाल ते ऐकून. पहिल्यापासून."

"तुझं घड्याळ जुनं झालंय," मास्तर म्हणाले.

"एकाच दिवशी घेतली आपण."

"मग पडलं असेल कधी."

"सकाळी मी विसरले नव्हते. पंच्याण्णव आले होते मला. फलकावर त्र्याण्णव."

मास्तरांनी गळ्यातली काळी दोरी सरळ केली, ती सरळच होती. बाईंना वाटलं होतं ते ओरडतील, किंवा मुलीला म्हणतील, तुझी आई अशी. पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्या बसचालकाच्या चेहऱ्यावर जे होतं तेच होतं, तक्ता उलटा केल्यावर. हे बाईंनी पाहिलं आणि लाल दोरी मुठीत गुंडाळली. म्हणजे या माणसालाही माहीत होतं. कधीपासून, ते त्यांना आता विचारायचं नव्हतं.

"बघ गं भिंगरे," मास्तर मुलीकडे वळले, आणि त्यांचा आवाज तिला लहानपणी पाण्यात बोलावताना असायचा तसा होता, काठावरून, दोन्ही हात पुढे केलेला. "घड्याळाचं सोड. घड्याळं काय, असतात इकडेतिकडे. तू घाबरतेस, एवढंच आहे. तूच म्हणतेस ना. डॉक्टर म्हणतात. सांग तुझ्या आईला. घाबरतेस ना तू?"

भिंगरीने टोपी काढली. केस कोरडे होते आणि टोपीच्या कडेचा लाल वळ कपाळावर उमटला होता. तिने बापाकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे केलेल्या माणसाकडे बघावं तसं नाही, खूप दमलेल्या माणसाकडे बघावं तसं. पलीकडे कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी एकदाही घाबरले नाही. मला एवढंच पोहता येतं."